फिट येते का, हे कुणासमोर विचारायचं?

मेंदूच्या आजारांबद्दल बोलणाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, समाजाची नजर बदलली पाहिजे: रुग्णाला समजून घ्या, हिणवू नका, शाळा-कॉलेजांत जागृतीचे कार्यक्रम घ्या. दुसरा तट म्हणतो, हे ऐकून कान किटले. तालुक्याला मेंदूविकारतज्ज्ञ द्या, एमआरआयचं यंत्र द्या, औषधं वेळेवर पोचवा, समजून घेतल्यानं कुणाची फिट थांबत नाही. श्रीमंत आणि गरीब देशांतली मेंदूच्या आरोग्याची दरी कशी बुजवायची, या मोठ्या प्रश्नावरही जगभर हेच दोन सूर लागतात. मला वाटतं, दोघांचीही मांडणी मुळात चुकते, कारण दोघंही समानुभूतीला उपचाराच्या बाहेरची गोष्ट समजतात. एकाला ती उपचारापेक्षा थोर वाटते, दुसऱ्याला उपचारापुढे फुकाची. माझं म्हणणं असं, की मेंदूच्या आजारांत ती उपचाराच्या आतच असते. निदान तिच्यावाचून अडतं, गोळी तिच्यावाचून पोटात जात नाही. म्हणूनच तिच्यासाठी वेळ, पगार, प्रशिक्षण आणि कायदा मागायला हवा, जसा आपण यंत्रांसाठी निधी मागतो.

आधी शब्दाचं. सहानुभूती हा शब्द आपण इतका वापरला की त्यात आता नुसती हळहळ उरली आहे. समानुभूती हा शब्द त्यापासून वेगळेपण दाखवायला आला: दुसऱ्याच्या जागेवरून त्याला काय दिसतं ते पाहणं. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असं आपली म्हण म्हणते, आणि ते खरं आहे, दुसऱ्याचं दुःख बाहेरून कळत नाही. पण त्याच्या वंशाला जाता आलं नाही तरी त्याला विचारता येतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबता येतं. या लेखात मी समानुभूती म्हणते ती एवढीच.

उदाहरण अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं घेते, कारण तो मला घरातून माहीत आहे आणि जगातली विषमता त्याच्याइतकी उघडी क्वचितच दुसऱ्या आजारात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि औषधं मिळाली तर यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. तरीही सर्वांत गरीब देशांत चारांपैकी तिघांना हवा तो उपचार मिळत नाही. फिनोबार्बिटोन हे औषध अपस्मारासाठी १९१२ पासून वापरात आहे, आणि स्वस्तातल्या औषधांचा वर्षाचा खर्च पाच डॉलरइतका कमी असू शकतो. शंभर वर्षांहून जुनं, इतकं स्वस्त औषध जर माणसापर्यंत पोचत नसेल, तर अडथळा फक्त पैशाचा आहे असं कसं म्हणायचं?

यंत्रांची मागणी करणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न आहे: अपस्मार ओळखतात कशानं? एमआरआय कित्येकदा स्वच्छ येतो. दोन फिटच्या मधल्या काळात काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेखही पुष्कळदा साधा येतो. निदानाचा मोठा भार असतो तो घडलेल्या प्रसंगाच्या वर्णनावर, आणि ज्याला फिट येते त्याला बहुधा काहीच आठवत नसतं. अपस्मार या नावातच स्मृती जाणं आहे. मग डॉक्टर विचारतात ते सोबतच्या माणसाला: मान कोणत्या बाजूला वळली? एकाच बाजूचे हातपाय आखडले की दोन्ही? जीभ चावली गेली का? किती वेळ चाललं? शुद्धीवर आल्यावर किती वेळ गुंगी होती? या प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली तर कुठल्याही यंत्राआधी निम्मं काम होतं. ती द्यायची लाज वाटली, घरच्यांनी ‘चक्कर आली होती’ म्हणून विषय संपवला, की पुढचा सगळा खर्च चुकीच्या वाटेनं जातो. वर्गात मधेच काही क्षण शून्यात पाहणाऱ्या मुलाचं ‘लक्ष नसतं’ असा शेरा प्रगतिपुस्तकात पडतो आणि वर्षं जातात. ते शून्यात पाहणं हीच त्याची फिट आहे, हे कुणीतरी थांबून पाहिल्याशिवाय कळत नाही.

थांबायला वेळ लागतो, आणि वेळेची वाटणीही जगात तितकीच विषम आहे. प्राथमिक उपचारांत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा ६७ देशांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. भारतात दोन मिनिटांच्या आसपास. श्रीमंत देशांत दर लाख लोकांमागे मेंदूविकाराचे तज्ज्ञ गरीब देशांच्या ७० पटींपर्यंत आहेत, हा आकडा आपण परिषदांमधून ऐकतो. मग ४८ सेकंदांचा आकडाही मेंदूच्या आरोग्यातली विषमता म्हणून का मोजत नाही? अठ्ठेचाळीस सेकंदांत फिटची हकिगत सांगून होत नाही. सोबतच्या माणसाला बाहेर बसवून बाईला एकटीला काही विचारणं तर दूरच राहिलं.

माझ्या आत्याच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात असायच्या. लग्नाआधी तिच्या आजाराबद्दल सासरी सांगायचं नाही असं आजोबांनी ठरवलं होतं, आणि तिनं ते पुढे तीस वर्षं पाळलं. रोज रात्री सगळे झोपल्यावर ती तांदळात हात घालून पुडी काढायची. घरात पाहुणे आले, स्वयंपाकघरात कुणी अंथरूण टाकलं, की त्या रात्रीची गोळी चुकायची. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. दूध उतू गेलं असं ती सांगायची. ती चुलीवर कोसळली होती, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. औषध होतं, ते परवडत होतं, दुकान दहा मिनिटांवर होतं. अपस्माराच्या औषधाची पहिली अट म्हणजे ते रोज, न चुकता, वर्षानुवर्षं घेणं. जी गोष्ट लपवून करावी लागते ती रोज न चुकता कशी करायची?

लपवण्याची किंमत याहून मोठी असते, आणि ती बाईच्या पोटातल्या जिवालाही मोजावी लागते. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचं प्रभावी औषध. गर्भारपणात ते घेतलं तर दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंगाचा धोका असतो, आणि तीस-चाळीस टक्के मुलांच्या वाढीवर, बोलण्या-शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. या धोक्यामुळे ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते देण्यावर कडक नियम आले. हा धोका टाळता येतो, पण त्यासाठी कुणीतरी त्या मुलीला आधी विचारलं पाहिजे: लग्न ठरतंय का, मूल हवंय का, कधी? मग औषध बदलता येतं, मात्रा बदलता येते, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करता येतं. हा प्रश्न कुठल्याही यंत्रातून निघत नाही. आणि तो विचारला गेला नाही, तर एका पिढीच्या मेंदूची विषमता पुढच्या पिढीच्या मेंदूत उतरते.

आता दुसऱ्या तटाचं बळकट म्हणणं मान्य करते, कारण ते बळकट आहे. अपस्माराची जवळपास चौथाई प्रकरणं मुळात टाळता येण्यासारखी असतात. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, डोक्याला मार लागणं, मेंदूज्वर, आणि डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात जाऊन मेंदूत गाठी होणं ही त्याची कारणं. संडास बांधणं, हेल्मेट सक्तीचं करणं, प्रशिक्षित दाई आणि नर्स पुरवणं या गोष्टी हळव्या मनानं होत नाहीत, त्या अंदाजपत्रकातून होतात. औषध नसलेल्या दवाखान्यात गोड बोलणारी नर्स ही रुग्णाची फसवणूकच आहे. हे सगळं मला मान्य आहे.

पण मग चीनमध्ये काय झालं ते पाहावं लागतं. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या ग्रामीण भागात, सहा प्रांतांत, गावपातळीवरच्या साध्या डॉक्टरांना शिकवून फिनोबार्बिटोन देण्याचा मोठा प्रयोग झाला. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले: वर्षभर उपचार पूर्ण केलेल्यांपैकी ६८ टक्क्यांच्या फिट निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाल्या, एक तृतीयांशांच्या पूर्ण थांबल्या. औषध तेव्हा नव्वदी ओलांडलेलं होतं. नवं होतं ते इतकंच, की ओळखीचा डॉक्टर गावातच रुग्णाला पुन्हा पुन्हा भेटत राहिला. याला कुणी समानुभूती म्हणणार नाही, व्यवस्था म्हणेल. चालेल. मी तेच म्हणते आहे.

जागतिक आरोग्य सभेनं २०२२ साली अपस्मार आणि इतर मज्जाविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृती-आराखडा मंजूर केला. त्यातली अपस्माराची उद्दिष्टं तीन पायऱ्यांत मांडली आहेत. ८० टक्के लोकांना परवडणारी, सुरक्षित औषधं मिळावीत ही दुसरी पायरी; उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या फिट आटोक्यात याव्यात ही तिसरी. पहिली पायरी अशी, की अपस्मार असलेल्यांपैकी ९० टक्क्यांना आपल्याला जे होतंय तो मेंदूचा, उपचार होऊ शकणारा आजार आहे हे माहीत असावं. आकड्यांत विचार करणाऱ्या माणसांनी औषधाच्या आधी ही पायरी ठेवली, यात मला विशेष वाटत नाही. अंगारा लावून, कांदा हुंगवून, मुठीत लोखंड देऊन प्रसंग निभावणाऱ्या घराला औषधाचं दुकान सापडत नाही. आणि त्या घराला अडाणी म्हणून झिडकारणारा डॉक्टर त्यांना परत देवऋष्याकडे पाठवतो. त्या घरानं हे उपाय का केले? लेकराला वाचवायचं होतं म्हणून. तिथून सुरुवात केली तर पुढचं बोलणं होतं: कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटांपुढे गेलं तर गाडी बोलवा.

समानुभूतीवर आणखी एक आक्षेप आहे, तो मला सर्वांत खोल वाटतो. काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात, ती पक्षपाती असते. जवळच्याबद्दल, आपल्यासारख्या दिसणाऱ्याबद्दल, ज्याचा चेहरा समोर आहे त्याच्याबद्दल ती जागी होते. लांबच्या लाखोंबद्दल झोपून राहते. एका मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी लोक भरभरून पैसे देतात, गावाच्या सांडपाण्याच्या गटारासाठी देत नाहीत. मग विषमता कमी करायला अशा भावनेचा काय भरवसा?

भावनेचा भरवसा नाहीच. कुष्ठरोगाचा इतिहास ते सांगतो. कुष्ठरोग्यांबद्दल दया कमी नव्हती. दयेनंच त्यांच्यासाठी गावाबाहेर आश्रम उभे राहिले. पण त्याच काळात १८९८ च्या कायद्यानं त्यांना वेगळं काढलं, आणि तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. १९८२ पासून बहुविध औषधोपचार उपलब्ध होता, माणूस पूर्ण बरा होत होता, तरी घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग कायद्यात २०१९ पर्यंत राहिला. आश्रमाला देणगी द्यायची आणि लग्नाच्या यादीत नाव छाटायचं, ही दोन्ही कामं तीच माणसं करत होती. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी दानाऐवजी कामावर इतका भर का दिला असेल? दया घेणाऱ्याला खालीच ठेवते. काम करणाऱ्याला गाव नावानं हाक मारतं. कीव आणि समानुभूती यांतला हा फरक पहिला तट विसरतो, आणि म्हणून अपस्मार-जागृतीची जांभळी फीत लावून फोटो काढण्यावर त्याचं समाधान होतं.

अपस्माराच्या बाबतीत कायद्याची कहाणी तर अधिक बोचणारी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख नव्हता. तो १९७६ च्या दुरुस्तीत आला: ‘वेड किंवा अपस्मार’ यांचे झटके वारंवार येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र, आणि झालेलं लग्न रद्द करता येण्याजोगं. ही शब्दयोजना ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्यातली होती, आणि ब्रिटननं अपस्माराचं ते कारण १९७१ साली काढून टाकलं होतं. त्यांनी काढलं, पाच वर्षांनी आपण घातलं. आपल्याकडे ते निघायला १९९९ साल लागलं. तेवीस वर्षं देशाचा कायदा सांगत होता की फिट म्हणजे वेडाचा सख्खा भाऊ, आणि त्या तेवीस वर्षांत ज्या मुली बोहल्यावर उभ्या राहिल्या त्यांच्या आईबापांनी आजार लपवला तर नवल काय? त्यांच्यावर खोटं बोलण्याचा ठपका ठेवणं सोपं आहे. खरं बोलण्याची शिक्षा कायद्यानंच लिहून ठेवली होती. मी म्हणते ती समानुभूती कलमातून एक शब्द काढण्यातही असते, आणि त्या एका शब्दानं किती जणींच्या गोळ्या डब्यातून बाहेर आल्या असतील हे कुठल्याच पाहणीत येणार नाही.

म्हणून पक्षपाताच्या आक्षेपाला माझं उत्तर असं: समानुभूती माणसाच्या मर्जीवर सोडू नका, ती कामाच्या पद्धतीत बसवा. हे घडलेलं आहे. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञानं २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकांवर बसवलं. डॉक्टरी शब्द लोकांच्या गळी उतरत नव्हते. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार, हा लोकांचा शब्द होता. तोच धरून बोलणं सुरू झालं. पुढे झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी या बाकावर बसलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्ट कमी आढळली. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांना घेऊन नैराश्यावर काम उभं केलं. गोव्यातच स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरी जाणाऱ्या साध्या सल्लागारांमुळे त्यांची काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, हे २००८ सालच्या अभ्यासात दिसलं. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ पासून जो प्रयोग झाला त्याचं नावच ‘आत्मीयता’ होतं. गावातल्याच स्वयंसेवकांनी लोकांचं ऐकायचं, साधं समुपदेशन करायचं, आणि त्याचबरोबर त्यांना सरकारी योजनांचे लाभ मिळवून द्यायला मदत करायची. मला यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यानं खरोखर ऐकलं त्याला कळतं की समोरच्याच्या झोप न लागण्यात थकलेली पेन्शनही आहे. हे काम पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर गेलं.

इथे मला स्वतःच्या बाजूला एक कडक प्रश्न विचारावा लागतो. हे ऐकण्याचं काम जगभर कोण करतं? हरारेच्या आज्या, गोव्याच्या घरभेटी देणाऱ्या बाया, आपल्या आशाताई. आशा कागदोपत्री अजूनही स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला मिळतो, आणि तो वाढवून घ्यायला तिला आझाद मैदानावर बसावं लागतं. सर्वांत कमी पैसे मिळणाऱ्या बाईकडून सर्वांत जास्त समजूतदारपणाची अपेक्षा करायची, आणि तज्ज्ञाच्या दोन मिनिटांना हात लावायचा नाही, ही विषमता समानुभूतीच्या नावाखाली चालू शकते. ती चालू द्यायची नाही. ऐकणं हे कौशल्याचं काम असेल तर त्याला पगार हवा, आणि डॉक्टरच्या दिवसातही त्याला जागा हवी.

या मागण्या नव्या नाहीत आणि अशक्य तर नाहीतच. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी शिकवली, बालमृत्यू उतरले, आणि बाळंतपणानंतरच्या घरभेटी देशभर आशाच्या कामात आल्या. पद्धत सिद्ध झाली, तिला रजिस्टर मिळालं, तिचा मोबदला ठरला. मेंदूच्या आजारांसाठी तेवढंही अजून झालेलं नाही, हे पूर्ण खरं नाही, आणि म्हणूनच जास्त लागतं. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशा घरोघर जो फॉर्म भरते त्यात एक ओळ आहे: फिट येण्याचा इतिहास आहे का? हो किंवा नाही.

तो फॉर्म तिशीपुढच्यांसाठी आहे. फिट मात्र पुष्कळदा लहानपणीच सुरू होतात, आणि आपल्याकडची बहुतेक लग्नं तिशीच्या आत होतात. तो फॉर्म भरला जातो अंगणात, सासू तांदूळ निवडत बसलेली असताना, शेजारीण कट्ट्यावर असताना, घाईत, कारण आशाला आणखी वीस घरं करायची असतात. माझ्या आत्यानं तिथे ‘नाही’ म्हटलं असतं. आशाला अर्धा तास जास्त मिळाला, त्या अर्ध्या तासाचे पैसे मिळाले, ‘ताई, जरा पाणी द्या’ म्हणून स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून तोच प्रश्न विचारायला तिला शिकवलं, फॉर्मची वयाची अट वीसवर आणली, आणि ‘हो’ आल्यावर द्यायची गोळी त्याच आठवड्यात उपकेंद्रात हजर असली, तर तीच ओळ दुसरं उत्तर देईल. माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरापर्यंत तीस वर्षांत डॉक्टर, नर्स, नातेवाईक, आम्ही पोरं, सगळे येऊन गेलो. दार लोटून कुणी विचारलं नाही.